सत्तावीस लाख चौऱ्याऐंशी हजार पाचशे अकरा

राफेल रोहेकरांनी गॅसचं बटण पाहिलं, बंद होतं. खालचा रेग्युलेटर पाहिला, तोही बंद होता. दाराला कुलूप घालून ते दोन मजले उतरले, सोसायटीच्या फाटकापर्यंत गेले आणि तिथून परत फिरले. बटण पाहिल्याचं आठवत होतं, पण ते आजचं पाहणं की कालचं, हे काही केल्या ठरेना. असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला वरच्या मजल्यावरचे कमळाकर जिन्यात भेटले आणि काही विसरलं का म्हणून विचारू लागले. छत्री, असं रोहेकरांनी ठोकून दिलं. फेब्रुवारीचं लख्ख ऊन पडलं होतं. कमळाकर सज्जन माणूस, काही बोलले नाहीत.

न बोलण्याला कारण होतं. महिन्यापूर्वी रोहेकर दूध गॅसवर ठेवून फिरायला निघून गेले होते. धूर जिन्यात आला तेव्हा कमळाकरांनीच आपल्याकडे ठेवायला दिलेल्या किल्लीनं दार उघडून गॅस बंद केला. भांडं इतकं करपलं की ते टाकूनच द्यावं लागलं. मिखालला यातलं काही कळवू नका, एवढी एकच गोष्ट रोहेकरांनी त्यांच्याकडे मागितली होती.

मिखाल म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. इस्रायलात अश्दोदला असते, नवऱ्याबरोबर आणि हदास नावाच्या बारा वर्षांच्या मुलीबरोबर. पनवेलच्या इस्रायल आळीतली बहुतेक घरं केव्हाच तिकडे गेली. राहिले ते रोहेकर. बायको सॅली जाऊन सहा वर्षं झाली, नवीन पनवेलच्या दोन खोल्यांत एकटे, वय सत्तर. मिखालचं एकच पालुपद होतं, ही जागा विकून इकडे या. फोनवर तीच गोष्ट दोनदा सांगता, पपा. परवाचं आठवत नाही तुम्हाला. एकटं राहणं आता बरं नव्हे. आणि दर वेळी रोहेकरांचं उत्तर ठरलेलं, माझं डोकं ठणठणीत आहे, हवं ते विचार.

डोक्याचा त्यांना अभिमान होता आणि तो अगदीच फुकाचा नव्हता. पनवेलच्या रेल्वे यार्डात त्यांनी सदतीस वर्षं काढली. मालगाडी लागली की रुळांच्या कडेनं खडीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं आणि प्रत्येक वाघिणीचा, म्हणजे डब्याचा, नंबर रजिस्टरात उतरवायचा, ही नोकरी. दुसरा कोणी असता तर कंटाळून मेला असता. रोहेकर चालता चालता नंबर फोडत असत. हा सातानं जातो, हा तेरानं, हा सतरा गुणिले एकोणीस गुणिले अमुक. बायका गप्पा मारता मारता मटार सोलतात, तसं ते चालायचं. आणि एखादा नंबर कशानंच फुटला नाही की स्वारी खूश. अशा नंबराला शाळेच्या पुस्तकात मूळ संख्या म्हणतात. एक आणि ती स्वतः, याखेरीज तिला भागणारा कोणी नाही. रोहेकर तिला मानी संख्या म्हणत.

त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मानी संख्या सॅलीच्या शिलाई मशीनवर होती. मशीन लग्नात तिच्या माहेराहून आलेलं. तेव्हा ते तलावाजवळच्या चाळीत राहत. संध्याकाळी सॅली ब्लाऊज शिवायची, रोहेकर समोर स्टुलावर बसायचे आणि नजरेसमोर मशीनची पितळी पट्टी असायची, २७८४५११. त्र्याऐंशी सालच्या भाऊबिजेला, रविवार होता, शेजारच्या वेणूनं त्यांना ओवाळलं. वेणू काशीरामची बायको, आणि काशीराम यार्डात रुळांचे सांधे बदलणारा पॉईंट्समन. वेणूला भाऊ नव्हता, तिनं हा यहुदी भाऊ केला होता आणि तो दर वर्षी टिळा लावून घ्यायचा. ताट खाली ठेवून वेणू गेली आणि रोहेकरांनी सॅलीला सांगितलं की तुझ्या मशीनचा नंबर मूळ संख्या आहे असा मला दाट संशय आहे. सॅलीनं सुईत दोरा ओवता ओवता म्हटलं, संशय काय कामाचा, सिद्ध करा.

सिद्ध करायचं म्हणजे एकेका मूळ संख्येनं भागून पाहायचं. २७८४५११ चं वर्गमूळ सोळाशे अडुसष्टच्या किंचित पुढे. तिथवरच्या सगळ्या मूळ संख्या हरल्या, तर पुढच्या कोणाची भागायची टाप नाही. त्या होतात दोनशे बासष्ट. दोन, तीन आणि पाच नुसत्या डोळ्यांनी बाद झाल्या, राहिल्या दोनशे एकोणसाठ. सॅलीनं अट घातली की रोज पाच भागाकार, एक कमी नाही, एक जास्त नाही, नाहीतर तुम्ही जेवायला उठायचे नाही. शनिवारी आपला शब्बाथ, त्या दिवशी लिहिणं नाही. शुक्रवारचे पाच सूर्य बुडायच्या आत, दिवे लागायच्या आधी. रविवार ते शुक्रवार, आठवड्याला तीस. नियम एकदाही मोडला नाही. नवव्या आठवड्याच्या बुधवारी शेवटचा भागाकार झाला, बाकी उरली, आणि रोहेकरांनी चाळभर पेढे वाटले. पेढे कशाचे, हे चाळीत कोणालाही नीट कळलं नाही.

पुढे चाळीस वर्षं त्यांनी हे ऐकवलं. लग्नात ऐकवलं, यार्डात ऐकवलं, सॅली गेल्यावर चाळिसाव्या दिवशीसुद्धा रडता रडता ऐकवलं. आमच्या घराचा नंबर कोणाला भागता येत नाही, हे त्यांचं वाक्य. मिखाल सहा-सात वर्षांची असताना तिनं एकदा विचारलं होतं, मग मी कुठे त्यात? रोहेकर हसून म्हणाले होते, तू नंतर आलीस. मुलगी त्या दिवशी जेवली नाही. सॅलीनं त्यांना चांगलं फैलावर घेतलं होतं.

तर बारा-तेरा दिवसांपूर्वी व्हिडिओ कॉलवर मिखालनं पुन्हा जागा विकायचा विषय काढला आणि रोहेकर चिडले. आत्ता विचार, मशीनचा नंबर सांगतो, म्हणाले. सांगितला. वर हेही सांगितलं की मूळ संख्या आहे, मी आणि तुझ्या आईनं सिद्ध केली आहे. हदासनं फोनवर तो नंबर टाकला. तिला कितीसा वेळ लागणार. "आजोबा," ती म्हणाली, "ही एक हजार तीनशे तीननं जाते. एकवीसशे सदतीस वेळा."

मिखाल वाद घालती तर बरं झालं असतं. तिनं हलकेच विषय बदलला, आजाऱ्यापाशी बदलतात तसा, आणि तेच रोहेकरांच्या काळजात रुतलं.

तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. दोनच शक्यता होत्या. एक, नंबर चुकीचा आठवत होता. चौऱ्याऐंशी की अठ्ठेचाळीस? आठ आधी की चार? तसं असेल तर मिखालचंच खरं, डोकं गेलं. दोन, नंबर बरोबर होता आणि चूक त्या वेळच्या भागाकारात झाली होती. त्याचं दुःख होईल, पण डोकं शाबूत ठरेल. वही पाहिली असती तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. पण वहीच्या उलट्या बाजूनं सॅलीनं प्रार्थना उतरवून घेतल्या होत्या, हिब्रू शब्द देवनागरीत. देवाचं नाव असलेला कागद आपल्यात कोणी फेकत नाही, त्याला माती देतात. सॅलीनंतर घरातली जीर्ण पुस्तकं कबरस्तानात पुरली, त्यांत ती वहीही गेली. रोहेकरांनी स्वतःच्या हातानं तिच्यावर माती लोटली होती. भागाकार आणि देव एकाच खड्ड्यात.

राहता राहिलं मशीन. ते सॅलीनंच डोळे अधू झाल्यावर वेणूला दिलं होतं. काशीरामची मिठागरं विमानतळाच्या भानगडीत गेली, मोबदल्याच्या जागेवर त्यानं उलव्याच्या कडेला दुमजली घर बांधलं आणि दोघं तिकडे राहायला गेली. रोहेकर रोज उठून जायचं ठरवत होते आणि रोज काहीतरी आडवं येत होतं. मनाशी मात्र पैज लावली होती. पट्टीवर २७८४५११ असेल तर इथेच राहायचं, मरेपर्यंत. एक आकडा जरी इकडचा तिकडे असला, तर जागा विकायची आणि मुकाट्यानं जायचं.

बसमध्ये त्यांना खिडकी मिळाली, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. समोरच्या डंपरचा नंबर एकोणीसनं जात होता, त्यातही गोडी वाटेना. उलव्यात उतरले तर जिकडे तिकडे खोदकाम, नवे टॉवर, पत्र्यांची कुंपणं. ते काशीरामकडे शेवटचे आले त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हा इथे डांबरी रस्तासुद्धा नव्हता. आता कसं सापडणार, अशी धाकधूक होती, पण पाय आपसूक वळले. दुसऱ्या पत्र्यापाशी डावीकडे, मेडिकलच्या बाजूनं आत, आणि पुढ्यात घर. रोहेकरांना हायसं वाटलं. चार वर्षांनी आलो, सगळा मुलूख पालटला, तरी रस्ता चुकलो नाही. हे मिखालला सांगायचं, असं त्यांनी मनात टिपून ठेवलं.

वेणू ओट्यावर सुकट निवडत बसली होती. थकली होती, पण नऊवारीचा काष्टा तसाच ताठ. त्यांना पाहून ती फारशी चकित झाली नाही. काशीराम गावच्या मीटिंगला गेलाय, येईलच, म्हणाली. रोहेकर पाणीसुद्धा न पिता मशीनचं विचारू लागले.

"हाय ना दादा. जाईल कुठं?" वेणू म्हणाली. "या आत."

मशीन जिन्याखाली होतं. त्यावर तांदळाच्या गोणी वगैरे रचलेल्या असतील असं रोहेकरांना वाटलं होतं, पण वर काहीच नव्हतं, जुनं चादरीचं फडकं सोडून. ते वेणूनं उचललं आणि न मागता बॅटरीही हातात दिली. गुडघे धरून रोहेकर खाली वाकले. पितळी पट्टी पुसल्यासारखी चकचकीत होती.

२७८४५११.

त्यांनी बोट ठेवून एकेक आकडा वाचला. मग उलटा वाचला. मग तिथेच जमिनीवर बसले आणि त्यांना रडू आलं. वेणू शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत राहिली.

डोकं शाबूत होतं. मग चूक झाली कुठे? आता ती शोधल्याशिवाय ते उठणार नव्हते. कागद मागितला. वेणूनं दिनदर्शिकेचं गेल्या महिन्याचं पान आणून दिलं. अर्धं आधीच फाडलेलं होतं, पण उरलेलं पुरेसं होतं. रोहेकरांनी मशीनच्या फळीवर कागद ठेवला आणि शाळेत मांडतात तसा भागाकार मांडला. तेराशे तीन दुणे सव्वीसशे सहा. उरले एकशे अठ्ठ्याहत्तर. पाच उतरवला, एकदा भाग गेला, उरले चारशे ब्याऐंशी. एक उतरवला, तीनदा भाग गेला, उरले नऊशे बारा.

नऊशे बारापाशी हात थांबला. शेवटचा एक खाली उतरवायचा राहिला होता. तो उतरवला की नऊ हजार एकशे एकवीस, बरोबर तेराशे तीन सत्ते, बाकी शून्य. पण हात उतरवीना. हे नऊशे बारा त्यांनी पूर्वी असंच अर्ध्यावर पाहिलं होतं. पेन्सिल कागदावर, आणि मागून सॅलीचा आवाज, पुरे आता, सूर्य गेला.

ते बोटांच्या पेरांवर मोजू लागले. हजाराच्या आत मूळ संख्या एकशे अडुसष्ट, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ. पुढे एक हजार नऊ, एक हजार तेरा, एक हजार एकोणीस, असं पुटपुटत गेले तर तेराशे तीन ही पंचेचाळिसावी. मिळून दोनशे तेरा. पहिल्या तीन डोळ्यांनी बाद केलेल्या, म्हणजे वहीतली दोनशे दहावी. आठवड्याला तीस. तीस सत्ते दोनशे दहा. सातव्या आठवड्याच्या शेवटच्या दिवसाचा शेवटचा भागाकार. शुक्रवार.

भाऊबीज सहा नोव्हेंबरची. तिथून सातवा शुक्रवार तेवीस डिसेंबर.

त्या शुक्रवारी ते ड्यूटीवरून उशिरा आले होते. पाचवा भागाकार चालू असताना दिवस बुडाला आणि सॅलीनं पेन्सिल हातातून काढून घेतली. एका आकड्याचं तर काम आहे, असं ते म्हणाले. ती म्हणाली, एका आकड्यासाठी शब्बाथ मोडायचा का? तिनं दिवे लावले, डोळ्यांवर हात घेऊन पुटपुटली. शब्बाथचं मनुकांचं सरबत पेल्यात घेतलं. आणि मग, अजून त्यांच्या पेल्याला ओठही लागले नव्हते, तेव्हा तिनं सांगितलं की तिला दिवस गेलेत. रविवारी वही उघडली तेव्हा राफेल रोहेकरांच्या डोक्यात दुसरं काहीही नव्हतं. त्यांनी कोरं पान घेतलं आणि पुढची संख्या लिहिली, एक हजार तीनशे सात.

मिखाल ऑगस्टात झाली.

रोहेकरांनी तिथूनच फोन लावला. अश्दोदला सकाळ होती, ती कामावर निघाली होती. त्यांनी सगळं सांगितलं, पट्टी, नऊशे बारा, बोटांवरची मोजणी, दिवे, सरबत. मध्ये कुठेही अडखळले नाहीत.

"तू लहानपणी विचारलं होतंस, मी कुठे त्यात," ते म्हणाले. "मी सांगितलं, नंतर आलीस. खोटं होतं ते, मिखाल. तू आधीपासून त्यात होतीस. तुझ्यामुळेच तो एक भागाकार राहिला."

पलीकडे ती रडत होती आणि हसतही होती. मग म्हणाली की पपा, माझं चुकलं. तुमच्यासारखं डोकं माझंसुद्धा नाही. राहा तिथेच, मी पुन्हा जागेचं बोलणार नाही. रोहेकरांनी फोन खाली ठेवला तेव्हा त्यांची छाती भरून आली होती. पैज जिंकली होती.

वेणू चहा घेऊन आली. कपबशी फळीवर ठेवताना तिनं मशीनचा लहानसा खण ओढला आणि त्यातून एक घडी घातलेला कागद काढला.

"दादा, हा बी घेऊन जावा आता," ती म्हणाली. "मंगळवारी तुमी इथंच ठेवून गेला. तवा बी असंच रडला, न् मिखालला फोन लावत व्हता. लागला नाय तवा."

दिनदर्शिकेचं दुसरं अर्धं पान. त्यावर त्यांच्याच अक्षरात २७८४५११. खाली तोच भागाकार, नऊशे बारापर्यंत, मग निराळ्या दाबानं लिहिलेला शेवटचा एक आणि शून्य. त्याखाली १६८ अधिक ४५. तेवीस डिसेंबर, दोनदा अधोरेखित. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, मिखालला आजच सांगणे.

रोहेकरांनी दोन्ही अर्धी पानं फळीवर जोडून पाहिली. फाटलेल्या कडा अचूक जुळल्या. मंगळवारचं त्यांना काहीही आठवत नव्हतं, ना बस, ना हा जिना, ना वेणूचा हात. पत्र्याची कुंपणं पायांना कशी ठाऊक झाली ते मात्र आता कळलं. ते घाबरले. इतके घाबरले की चहाचा कप उचलेना.

वेणूला यातलं काही उमगलं नव्हतं. तिच्या लेखी भाऊ आठवड्यात दोनदा आला, आनंदच होता. कमळाकर तोंड उघडणार नव्हते. कागद खिशात घालून घरी गेलं असतं तर पैज जिंकलेलीच राहणार होती, मिखालनं स्वतःच्या तोंडानं हार कबूल केली होती. चाळीस वर्षं ज्या संख्येला ते मानी म्हणत आले, तीही अशीच जिंकलेली होती, दोनशे अठ्ठावन्न भागाकार करून आणि एक सोडून.

चहावर साय धरली. बाहेर काशीरामची स्कूटर थांबल्याचा आवाज आला. रोहेकरांनी फोन पुन्हा उचलला आणि मिखालचं नाव दाबलं. तिनं लगेच घेतला, काय झालं पपा, म्हणाली.

"एक सांगायचं राहिलं," रोहेकर म्हणाले, आणि त्यांनी करपलेल्या दुधापासून सुरुवात केली.